आधी धुवा, मग बोला

सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुन्या गाडीखाली रुपयाएवढा तेलाचा डाग पडला की त्यावर निकाल द्यायला माणसं कमी पडत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरचे काका न वाकताच सांगतात, ‘इंजिन काम निघालं.’ शेजारच्या विंगमधले जाणकार विचारतात, ‘सिंथेटिक ऑइल टाकलंत ना? जुन्या गाडीला ते मानवत नाही.’ तिसरे, ज्यांनी नुकतीच हप्त्यांवर नवी गाडी घेतली आहे, ते मोठ्या मनाने सुचवतात, ‘विकून टाका, हिच्यात आता राम नाही.’ वॉचमन एवढंच म्हणतो की डाग काल इथे नव्हता, आणि पुरावा म्हणता येईल असं या सगळ्या चर्चेतलं ते एकमेव वाक्य असतं. छोट्या तेलगळतीवर लोकांचा जो पैसा जातो, त्यातला बराचसा गळती थांबवण्यात जातच नाही. न शोधता दिलेल्या निकालाची अंमलबजावणी करण्यात जातो. गळती शोधणं आणि गळती काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला पाना लावू नये, एवढंच इथे सिद्ध करायचं आहे. एवढंसंच म्हणणं सिद्ध करायला इतका मजकूर लागावा, यावरून या बाबतीतल्या लोकमताची ताकद लक्षात यावी.

उदाहरणाला मारुती ८०० घेऊ. १९८३च्या डिसेंबरात ती पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या हाती आली आणि २०१४च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत मराठी मध्यमवर्गाने तिच्यात अष्टविनायक, कोकण, आंब्याच्या पेट्या आणि मागच्या सीटवर चार माणसं असं सगळं बसवलं. सर्वांत धाकटी ८००सुद्धा आता दहा वर्षांच्या पुढे गेली आहे, म्हणजे रबर कडक व्हायला आणि पॅकिंग वाळायला भरपूर अवधी मिळालेला आहे. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. आत तेल तीन लिटरच्या आतबाहेर. पण एवढ्याशा इंजिनातून तेलाला बाहेर पडायच्या वाटा मोजायला गेलं तर सहज दहा निघतात. वरच्या बाजूला टॅपेट कव्हरचं पॅकिंग, तेल भरायच्या झाकणाचं रबर, कॅमशाफ्टचं सील आणि डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाचं सील. मध्ये ऑइल प्रेशर स्विच आणि ऑइल फिल्टर. खाली क्रँकचं पुढचं सील, क्रँकचं मागचं सील, चेंबरचं पॅकिंग आणि ड्रेन बोल्टचं वॉशर. यांतल्या बहुतेक जागांचं काम बेताच्या खर्चात होतं. एकच जागा महाग पडते, ती म्हणजे क्रँकचं मागचं सील. सील स्वस्तच असतं, पण ते इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसलेलं असल्यामुळे त्याच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. दहा संशयित असताना पार्किंगमधला निकाल मात्र हटकून या महागड्याच्याच विरोधात लागतो, कारण मोठ्या डागाला मोठं कारण असलं पाहिजे, अशी आपली नैसर्गिक न्यायबुद्धी आहे.

तेल कुठून आलं हे विचारण्याआधी ते तेलच आहे का, आणि आपल्याच गाडीचं आहे का, हे विचारावं. पार्किंगच्या जागा बदलत राहतात, डाग जागचा हलत नाही. परवा तिथे उभ्या राहिलेल्या पाहुण्यांच्या जीपचं पाप आपल्या गाडीच्या खाती जमा झालेलं असू शकतं. म्हणून रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा पसरावा आणि पुढची दोन चाकं कुठे आहेत तिथे पेनाने खुणा कराव्यात. सकाळी थेंब कुठे पडले आहेत यावरून इंजिनाची कुठली बाजू बघायची ते कळतं. मग रंग आणि वास. इंजिनाचं तेल नवं असताना मधाळ पिवळं आणि वापरलेलं असताना काळपट असतं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो, तो एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. कूलंट हिरवं किंवा गुलाबी, पातळ आणि जरा गोडसर वासाचं. उन्हाळ्यात एसी लावून आलेल्या गाडीखाली जे स्वच्छ थेंब पडतात ते निव्वळ पाणी असतं. तेवढ्यावर गॅरेज गाठणारी माणसंही आहेत, आणि त्यांचं समाधान होईपर्यंत काहीतरी बदलून देणारी गॅरेजंही. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट, निसरडा ओघळ दिसला तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो. तिथे विनोद संपतो. ती गाडी तपासल्याशिवाय रस्त्यावर काढायची नसते.

तेल इंजिनाचंच आहे असं ठरलं, तरी थेंब पडला त्याच्या बरोबर वरच्या भागाला गुन्हेगार ठरवण्याची घाई नको. सोसायटीच्या गच्चीला तडा एका कोपऱ्यात गेलेला असतो आणि ओल उतरते भलत्याच खोलीच्या छतात, हे आपण दर पावसाळ्यात नव्याने शिकतो आणि दिवाळीपर्यंत विसरतो. इंजिनाचंही तसंच आहे. वरून निघालेलं तेल इंजिनाच्या अंगावरच्या कडा, खाचा, नळ्या आणि वायरी धरून प्रवास करतं. गाडी चालू असताना समोरून येणारा वारा त्याला मागे ढकलतो, आणि सगळ्यांत खालच्या टोकाला पोचल्यावर ते थेंब होऊन सुटतं. म्हणजे थेंब जिथे पडतो ते प्रवासाचं शेवटचं स्टेशन. कार्ब्युरेटरवाल्या ८००मध्ये डिस्ट्रिब्यूटर सिलिंडर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला असतो. त्याच्या बुडाचं सील कडक झालं की तेल तिथून निघून इंजिनाच्या त्या कडेवरून ओघळतं आणि शेवटी गिअरबॉक्सच्या जोडाजवळून टपकतं. क्रँकचं मागचं सील गेल्यावर तेल जिथून टपकतं, ती जागाही हीच. एकीकडे थोडक्यात आटोपणारं काम, दुसरीकडे गिअरबॉक्स उतरवायचा दिवसभराचा खटाटोप, आणि खालून पाहिलं तर दोन्हींचा थेंब एकसारखा. खालून बघणाऱ्याला महागडं सील दिसतं, वरून बघणाऱ्याला स्वस्त सील दिसतं, आणि गाडी लिफ्टवर चढवली की आपण सगळे खालूनच बघतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की तीस वर्षं हेच काम केलेला मेस्त्री नुसत्या नजरेने सांगतो. सांगतो, आणि पुष्कळदा बरोबर सांगतो. पण अनुभव सांगतो ती शक्यता: बहुतेक वेळा कुठली जागा निघते ते. समोरच्या गाडीत कुठली निघाली आहे हे सांगायला इंजिन बघावं लागतं, आणि दहा वर्षांच्या धुळीत तेल मुरून तयार झालेल्या काळ्या लेपातून अनुभवी नजरही आरपार जात नाही. शिवाय खरा अनुभव शक्यतेच्या बाजूनेही स्वस्त जागेकडेच बोट दाखवतो. टॅपेट कव्हर इंजिनाच्या माथ्यावर असतं, उष्णता सोसतं, आणि त्याचं पॅकिंग सर्वांत आधी कडक होतं. वरचं पॅकिंग गळायला लागलं की खालचं सगळंच ओलं दिसतं, आणि ओल्या इंजिनात प्रत्येक सील दोषी वाटतं. अशा वेळी वरपासून खाली आणि स्वस्तापासून महागाकडे हा क्रम धरला, तर तर्क आणि खिसा दोघांचंही एकमत होतं. असं एकमत संसारात क्वचितच होत असल्याने त्याचा लाभ घ्यावा.

म्हणून पहिलं हत्यार पाना नसून ब्रश आहे. इंजिन थंड असताना डिस्ट्रिब्यूटर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीने नीट झाकायचं, डीग्रीझर मारायचं, ब्रशने घासायचं, बेताच्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं. पाण्याचा जोरदार फवारा मारला की तेलगळती राहते बाजूला आणि गाडी सुरूच होत नाही, हा नवा विषय चर्चेला मिळतो. इंजिन कोरडं झालं की संशयित जागांवर टाल्कम पावडर भुरभुरायची. चेष्टा वाटते, पण ही जुनी आणि खात्रीची युक्ती आहे: पांढऱ्या पावडरीवर तेलाची पहिली रेघ लगेच उमटते आणि रेघेचं वरचं टोक म्हणजे उगम. दहा-पंधरा किलोमीटर फेरी मारून यावं, टॉर्च आणि दाढीचा छोटा आरसा घेऊन बघावं. गळती अगदी सावकाश असेल तर चार दिवस धीर धरावा. याहून आधुनिक उपाय हवा असेल तर तेलात मिसळायचा चमकणारा रंग मिळतो. अतिनील टॉर्चखाली तो पिवळा-हिरवा उजळतो आणि लपलेला ओघळही दाखवतो. दोन्ही उपायांचा सिद्धांत एकच: आधी सगळं स्वच्छ, मग जे नवं दिसेल ते खरं. घरातली पावडर गाडीच्या इंजिनाला लागते आहे, हे घरच्यांना समजावून सांगण्याची जबाबदारी मात्र ज्याची त्याने पार पाडावी.

उगम सापडला तरी थोडं थांबावं, कारण कधीकधी सील दोषी नसतं, त्याच्यावर आतून जोर येत असतो. पिस्टन आणि सिलिंडर यांच्या फटीतून जळत्या वायूचा थोडा अंश खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. नव्या इंजिनात कमी, जुन्यात जास्त. त्याला वाट म्हणून ब्रीदर असतो. पूर्वी हा वायू सरळ बाहेर सोडून देत. कॅलिफोर्नियातल्या धुरक्याने लोक हैराण झाल्यावर १९६०च्या दशकात तो परत इंजिनातच ओढून जाळायची पद्धत रूढ झाली. ही नळी किंवा तिच्यातला व्हॉल्व्ह चिकट काजळीने तुंबला की आत दाब वाढतो, आणि तेल सर्वांत दुबळ्या जागेतून बाहेर पडतं. ती जागा बदलली की पुढची दुबळी जागा गळू लागते. अशा प्रकारे एकेक करून सगळी सीलं नवी करून घेता येतात आणि गळती अखंड चालू ठेवता येते. तपासणी सोपी आहे. इंजिन मंद चालू असताना तेल भरायचं झाकण काढून त्या तोंडावर पातळ कागद धरायचा. तो हलकेच चिकटला किंवा जरासा फडफडला तर ठीक. उडूनच जात असेल तर आधी ब्रीदर साफ करायचा. ब्रीदर साफ करूनही कागद उडत असेल तर रिंगा झिजल्याचा संशय घ्यायला हरकत नाही, आणि मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं म्हणणं खरं ठरू शकतं. पण ते ठरवायला कम्प्रेशन गेज लागतो, दुसरा मजला पुरत नाही.

आता दुरुस्ती. तिच्यातही पहिला राष्ट्रीय उपाय ‘जरा टाइट करून बघू’ हा आहे. टॅपेट कव्हरच्या नटांना फार थोडा जोर लागतो, दहा न्यूटन-मीटरच्या आसपास. चाकाच्या नटांना त्याच्या कित्येक पट. चाकं आवळणारा हात त्याच उत्साहाने कव्हरवर चालला की पॅकिंग चिरडतं, पत्र्याची कड वाकते, कधी आटे जातात, आणि थेंबाची धार होते. नट सैल असेल तर तो बेताने आवळणं योग्यच; पण कडक झालेलं पॅकिंग आवळून मऊ होत नाही. दुसरा उपाय सिलिकॉनचा. जोडांच्या कोपऱ्यात त्याचा बारीक ठिपका उपयोगी पडतो, पण आपल्याकडे जुन्या पॅकिंगवरच लपेट्यावर लपेटे देण्याची पद्धत आहे. बाहेर जेवढं सिलिकॉन दिसतं तेवढंच आत दाबलं गेलेलं असतं. तिथे त्याचे तुकडे सुटतात आणि चेंबरमधल्या जाळीत अडकून तेल वर जाण्याचीच वाट अडवतात. बाहेरची गळती थांबवण्याच्या नादात आतला पुरवठा थांबतो. याउलट जी कामं खरोखर गळती थांबवतात ती फार साधी असतात. ड्रेन बोल्टचं चेपलेलं वॉशर दर वेळी नवं घालणं. नवा फिल्टर बसवताना जुन्याचं रबर इंजिनाला चिकटून राहिलेलं नाही ना, हे बोटाने बघणं. दोन रबरं एकावर एक बसली की तेल दाबाने उडतं. नवं पॅकिंग बसवण्याआधी जुन्याचे कण खरवडून दोन्ही कडा साफ करणं. यांत सांगण्यासारखं शौर्य काही नाही, म्हणूनच ती राहून जातात.

तेलाच्या बाटलीतून उपाय सुचवणारे आणखी एका प्रकारचे असतात. गळती थांबवणारं द्रव्य तेलात टाका, घट्ट तेल वापरा, सिंथेटिक बंद करा, हे तीन सल्ले तर पाठ झालेले आहेत. गळती थांबवणारी द्रव्यं रबराला थोडं मऊ करून फुगवतात. जरासं कडक झालेलं ऑइल सील त्यामुळे काही काळ साथ देऊ शकतं, पण फाटलेल्या पॅकिंगला, सैल नटाला आणि चेपलेल्या वॉशरला बाटलीतलं काही कळत नाही. घट्ट तेलाने थेंब कमी पडतीलही, पण सकाळी थंड इंजिन सुरू करताना तेच तेल माथ्यापर्यंत पोचायला वेळ घेतं. सिंथेटिकवरच्या आरोपात इतिहासापुरतं तथ्य आहे: सुरुवातीच्या काही सिंथेटिक तेलांमुळे रबरी सीलं आक्रसत असत, आणि पुढे तेलांच्या मिश्रणात बदल करून तो दोष काढला गेला. आता होतं ते असं की चांगल्या तेलातली स्वच्छ करणारी द्रव्यं वर्षानुवर्षांचा गाळ धुऊन काढतात, आणि फुटक्या सीलमागे तो गाळच बूच होऊन बसलेला असतो. म्हणजे गळती नव्या तेलाने निर्माण केलेली नसते, उघडकीला आणलेली असते. उघडकीला आणणाऱ्यालाच आरोपी करण्याची परंपरा केवळ मोटारींपुरती मर्यादित नाही, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको.

सगळ्यांत वजनदार आक्षेप शेवटी: जुनी गाडी गळणारच, मग एवढा उपद्व्याप कशाला? दोन महिन्यांनी अर्धा लिटर तेल घातलं की झालं. या म्हणण्यात दम आहे आणि तो मान्य केला पाहिजे. काही इंजिनांचा आराखडाच तसा होता. ॲम्बॅसडरला मिळालेल्या बीएमसीच्या १४८९ सीसी इंजिनाच्या मूळ रचनेत क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतंच. तेल मागे परतवणारा आटा होता, आणि आटा फिरत असतानाच काम करतो. शिवाय डागाचा आकार फसवा असतो. चहाचा चमचाभर तेल गुळगुळीत फरशीवर पसरलं तर कागदाच्या मोठ्या तावाएवढी जागा काळी करतं, आणि चमचाभर तेलाने इंजिनाचं काही बिघडत नाही. पण थेंबही तितकाच फसवा. वीस ते तीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला आणि मिनिटाला एक थेंब अखंड पडत राहिला, तर महिन्याला दीड ते दोन लिटर जातं. तीन लिटरच्या इंजिनात हा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तेव्हा गळती सोडून द्यायला हरकत नाही, पण कुठली सोडतो आहोत हे माहीत हवं. चेंबरच्या पॅकिंगमधून येणारी नुसती ओल वर्षानुवर्षं सोबत राहू शकते. तेल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडत असेल, बॉनेटखालून जळका वास आणि धूर येत असेल, तर ती आगीची पूर्वतयारी आहे. तेल टायमिंग बेल्टवर जात असेल तर पट्टा अकाली जातो आणि गाडी जिथे असेल तिथे बसते, बहुधा घाटात. मागच्या सीलचं तेल क्लचप्लेटवर गेलं तर क्लच घसरतो. आणि निव्वळ तेल घालत राहायचं ठरवलं तरी दर रविवारी सपाट जागी डिपस्टिक बघावी लागते. तेलाचा लाल दिवा लागण्याची वाट बघणाऱ्याला त्या दिव्याचा अर्थ फार उशिरा कळतो. शिवाय हे तेल केवळ आपल्या पार्किंगमध्ये राहत नाही. पावसाच्या पहिल्या सरीत रस्ता निसरडा होतो, त्यात अशा हजारो किरकोळ थेंबांचा वाटा असतो, आणि घसरतो तो दुचाकीवाला, ज्याचा आपल्या टॅपेट कव्हरशी काही संबंध नसतो.

मग मेकॅनिक आधी शोधत का नाहीत? त्यांना समजत नाही म्हणून नव्हे. आपण शोधण्याचे पैसे देत नाही म्हणून. गाडी ताब्यात घेताना गिऱ्हाईक विचारतं, ‘काय बदललं?’ उत्तरात एखादा जुना, काळा, तुटका भाग फडक्यात गुंडाळून दाखवला की त्याचं समाधान होतं आणि बिल चुकतं होतं. ‘काही बदललं नाही, इंजिन धुतलं, पावडर टाकली, तीन दिवस बघितलं आणि नळी साफ केली’ असं उत्तर मिळालं तर तोच माणूस बिलाकडे बघून म्हणतो, ‘मग याचे पैसे कसले?’ डोकं चालवण्याचे पैसे द्यायचे नाहीत आणि पार्टचे द्यायचे, असा दर ठरवल्यावर गॅरेजमध्ये डोक्याऐवजी पार्ट चालतात, यात गॅरेजचा दोष अर्धाच. हिशोब मांडला तर शोधण्याची मजुरी एका चुकीने उतरवलेल्या गिअरबॉक्सच्या मजुरीपुढे किरकोळ ठरते. म्हणून गाडी देताना ‘गळती काढा’ असं सांगण्याऐवजी ‘गळती दाखवा, दाखवण्याचे पैसे वेगळे घ्या’ असं सांगावं. दाखवल्यावर ती काढायची की तिच्यासह नांदायचं, हे आपण ठरवावं. नांदायचं ठरलं तरी त्यात कमीपणा नाही, कारण तो माहितीनिशी घेतलेला निर्णय असेल. आणि ज्याला गळती दाखवता येत नाही पण कुठला पार्ट लागणार हे मात्र पक्कं माहीत आहे, त्याला चहा पाजावा, आपुलकीने विचारपूस करावी आणि गाडी घेऊन दुसऱ्या गॅरेजमध्ये जावं.